बुळकांडी कुठे लपली होती

२८ जून २०११ रोजी रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या परिषदेनं जाहीर केलं, की गुरांचा बुळकांडी हा रोग पृथ्वीवरून संपला आहे. देवीनंतर माणसानं निसर्गातून समूळ संपवलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांच्या रोगांपैकी आजवरचा एकमेव. आपल्याकडे या घटनेची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. आज चाळिशीच्या आतल्या शेतकऱ्यानं बुळकांडीनं गेलेलं जनावर सहसा पाहिलेलं नसतं. हा शब्द त्यानं घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेला असतो, तोही बहुधा शिवीसारखा. निर्मूलन लशीमुळे झालं, असं एका वाक्यात सांगितलं जातं आणि ते खोटंही नाही. पण लस आपल्याकडे १९२०च्या दशकापासून होती, देशभराची टोचणी मोहीम १९५०च्या दशकात सुरू झाली, आणि रोग मात्र १९९५ पर्यंत टिकून राहिला. मधल्या चाळीस वर्षांत काय कमी पडत होतं आणि शेवटच्या काही वर्षांत काय बदललं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. माझं उत्तर असं आहे: किती जनावरांना टोचलं हे मोजत राहिलो तोवर रोग कमी होत गेला, पण संपला नाही. विषाणू नेमका कुठे आहे हे शोधायला लागलो, आणि त्यासाठी योग्य वेळी लस थांबवायचं धैर्य दाखवलं, तेव्हा तो संपला.

आधी रोग काय होता ते पाहू. गोवराच्या विषाणूचा हा सख्खा भाऊबंद. लागण झाल्यावर काही दिवसांनी जनावराला सपाटून ताप येई, चारा सुटे, रवंथ थांबे. डोळ्यांतून आणि नाकातून आधी पाणी, मग पू वाहू लागे. हिरड्यांवर, जिभेखाली, गालाच्या आतल्या बाजूला कोंडा भुरभुरल्यासारखे ठिपके दिसत आणि ते झडून तिथे लाल व्रण पडत. मग घाणेरड्या वासाची, पिचकारीसारखी पातळ हगवण लागे. शेपूट, मागचे पाय, दावणीची जमीन सगळं माखून जाई. अंगातलं पाणी निघून गेलेलं जनावर डोळे खोल जाऊन सहा ते बारा दिवसांत आडवं होई. ज्या भागात रोग पूर्वी आलेलाच नसे, तिथे दहातली आठ-नऊ जनावरं जात. बैलावर चालणाऱ्या शेतीत याचा अर्थ मेलेल्या जनावराच्या किमतीपुरता राहत नसे. ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, जोडीतला एक बैल गेला की उरलेला एकटा निरुपयोगी. एरवी शेजाऱ्याशी सावड करून वेळ भागवता येते, पण शेजाऱ्याच्या दावणीलाही तीच गत असेल तर घात साधायची कशी? रान पडीक राहायचं, आणि गोठ्यात सुरू झालेलं संकट पुढच्या वर्षी घरातल्या कणगीपर्यंत पोचायचं.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते आफ्रिकेनं पाहिलं. १८८७ मध्ये इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर, बहुधा भारतातूनच, हा रोग आजच्या एरिट्रियातल्या मसावा बंदरात उतरला. दहा वर्षांत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत गेला. वाटेत गुरं तर गेलीच, रानम्हशी आणि हरणंही गेली. इथिओपियात बैल नाहीत म्हणून नांगरट नाही, नांगरट नाही म्हणून धान्य नाही, असा दुष्काळ पडला, आणि त्यात देशातली सुमारे एक तृतीयांश माणसं मेली असा अंदाज इतिहासकार देतात. युरोपनं हा रोग अठराव्या शतकात पुन्हा पुन्हा भोगला होता. १७६२ मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा निघाली ती बरीचशी याच रोगाच्या धाकानं. पुढे १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात थांबली, तिथे रोग पसरला, आणि त्या धक्क्यातून १९२४ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटना उभी राहिली. जनावरांच्या वैद्यकाच्या कितीतरी संस्थांची मुळं शोधत गेलं की खाली बुळकांडी सापडते.

त्यातलं एक मूळ पुण्यात आहे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे जे अभियांत्रिकी महाविद्यालय झालं त्यात, इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. गुरांच्या साथींचा, आणि त्यातही बुळकांडीचा, अभ्यास करणं हे तिचं काम. इतक्या संसर्गजन्य रोगावर भरवस्तीत प्रयोग करणं धोक्याचं ठरलं असतं, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात, साडेसात हजार फुटांवरच्या मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यकीय अनुसंधान संस्था ती हीच. तिथे सुरुवातीला एक जोखमीची पद्धत वापरली जाई: जनावराला एका बाजूला रोगी बैलाचं जिवंत विषाणू असलेलं रक्त आणि दुसऱ्या बाजूला रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तातला रस, दोन्ही एकाच वेळी टोचायचे. पण बैलाच्या रक्ताबरोबर गोचीडतापाचे परजीवीही जात आणि वाचवायला घेतलेलं जनावर भलत्याच रोगानं जाई. १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी त्यावर तोड काढली. विषाणू बैलाऐवजी शेळीत वाढवायचा, म्हणजे ते परजीवी गळून पडतील. एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा तो शेकडो वेळा नेल्यावर लक्षात आलं, की शेळीच्या अंगाची सवय झालेला हा विषाणू गुरांच्या बाबतीत मवाळ पडला आहे. रोग फारसा होत नाही, पण संरक्षण मिळतं. रक्त शुद्ध करायच्या खटपटीतून लस हाती आली, आणि मुक्तेश्वरची ती शेळी-लस पुढे कितीतरी वर्षं आपल्या देशाच्या मोहिमेचा आधार ठरली.

ती मोहीम १९५४ मध्ये सुरू झाली आणि दोनेक वर्षांत देशभर पसरली. युरोपनं हा रोग लस न वापरता संपवला होता: लागण दिसली की सगळा कळप मारून पुरायचा, मालकाला भरपाई द्यायची, गुरांची ये-जा बंद करायची. आपल्याकडे जवळपास २० कोटी गाई-म्हशी होत्या, भरपाईला पैसा नव्हता, आणि निरोगी दिसणारी गाय मारायचा हुकूम कोणत्याही गावानं मानला नसता. टोचणी हाच मार्ग होता. पाच वर्षांत ८० टक्के गुरं टोचायची, नंतर उरलेली आणि नवी वासरं, असा आराखडा ठरला. मोहिमेआधी वर्षाला सुमारे ८ हजार ठिकाणी रोग उफाळत असे, ४ लाख जनावरांना लागण होई आणि त्यातली निम्मी दगावत. काही वर्षांतच उद्रेक काही शेकड्यांवर आले. त्या काळातले रस्ते, बर्फाचा तुटवडा आणि गुरांच्या दवाखान्यांची संख्या लक्षात घेतली तर हे काम थोर होतं. पायी किंवा सायकलवर, थर्मासमध्ये बर्फ आणि लशीच्या कुप्या घेऊन लोक खेडोपाडी फिरले. खोड्यात एकामागून एक जनावर घ्यायचं, कुपीतली भुकटी थंड सलाइनमध्ये विरघळवायची, मानेच्या कातडीखाली सुई, पुढचं जनावर. आणि विरघळवलेली लस ऊन चढायच्या आत संपवायची. लाखो शेतकऱ्यांचे बैल या माणसांनी वाचवले. मी पुढे जे म्हणणार आहे त्यानं या कामाचं मोल कमी होत नाही.

पण काही शेकड्यांवर आलेले उद्रेक तिथेच घोटाळले. वर्षामागून वर्षं टोचणीचे आकडे वाढत गेले, उद्दिष्टं पूर्ण होत गेली, आणि दक्षिणेच्या पठारावर रोग येतच राहिला. यावर साहजिक आक्षेप असा येतो, की ८० टक्क्यांऐवजी १०० टक्के टोचलं असतं तर प्रश्न मिटला असता. कमी पडली ती मेहनत. हा आक्षेप हिशेबावर टिकत नाही. समजा, एका तालुक्यात आज ८० टक्के गुरं सुरक्षित आहेत आणि दरवर्षी कळपाचा पाचवा हिस्सा नव्या वासरांचा असतो. एका वर्षात ते प्रमाण ६४ वर येतं, दुसऱ्या वर्षी ५१ वर. कोणी कामचुकारपणा केला नाही तरी कळप आपोआप उघडा पडत जातो. बरं, वासरू जन्मल्या जन्मल्या टोचून उपयोग नसतो. टोचलेल्या गाईच्या चिकातून त्याला आईची प्रतिपिंडं मिळालेली असतात. ती पहिले काही महिने वासराला सांभाळतात, आणि तीच लशीतल्या विषाणूलाही मारतात. म्हणजे वहीत वासराच्या नावापुढे खूण पडते आणि वासरू पुढे उघडंच राहतं. त्यात माणसाच्या स्वभावाची भर. जे बैल दरवर्षी खोड्यापाशी आणले जात तेच दरवर्षी टोचले जात. रानात चरणारी भाकड जनावरं, तांड्यांबरोबर फिरणारी गुरं, व्यापाऱ्याच्या ताब्यातली, आज इथे आणि उद्या तिथे असणारी जनावरं वगळली जात. आकड्यात दोन टोचण्या दिसत, प्रत्यक्षात एकाच बैलाला दोनदा सुई टोचलेली असे. विषाणूला जगायला सगळा देश लागत नाही. त्या सुटलेल्या जनावरांची साखळी पुरते.

आफ्रिकेत याच चुकीची मोठी आवृत्ती घडली. केनियातल्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेली लस तयार केली. ती सुरक्षित, स्वस्त आणि एका टोचणीत जन्मभर पुरणारी होती; संकरित जनावरांनाही ती मानवत असे, शेळी-लस त्यांना नेहमी मानवत नसे. ती हाती घेऊन १९६२ ते १९७६ या काळात २२ देशांत सलग मोहीम चालली. बहुतेक देशांत रोग दिसेनासा झाला, मग मोहीम थांबली, पैसा थांबला, आणि शोधही थांबला. पण पश्चिमेला माली-मॉरिटानियाच्या हद्दीवर आणि पूर्वेला सुदान-इथिओपियाच्या बाजूला विषाणू टिकून होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो दोन्हीकडून बाहेर पडला आणि नायजेरियापर्यंत गुरं झोपवत गेला; नुकसान किमान ५० कोटी डॉलरचं धरलं जातं. लस थांबवण्याविषयी मी जे म्हणतो आहे त्यावरचा सगळ्यात मजबूत आक्षेप हाच आहे: थांबवली तेव्हा काय झालं ते पाहा. मला तो मान्य आहे, आणि माझा मुद्दा त्यातूनच पक्का होतो. तिथे थांबवलं गेलं ते रोग दिसत नाही म्हणून. रोग दिसत नाही आणि रोग नाही यांतला फरक ओळखायची व्यवस्थाच त्यांच्याजवळ नव्हती.

ती व्यवस्था उभी राहिली १९८०च्या दशकाच्या अखेरीस, आणि तिचा एक धागा अनपेक्षित ठिकाणी जातो. इंग्लंडमधल्या पिरब्राइट प्रयोगशाळेनं रक्तातली बुळकांडीची प्रतिपिंडं ओळखणारी सोपी चाचणी विकसित केली, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्हिएन्नातल्या शेती विभागानं तिचे संच व प्रशिक्षण आफ्रिका-आशियातल्या प्रयोगशाळांना पुरवलं. आता टोचणीचा आकडा वहीवरून न घेता थेट जनावराच्या रक्तातून घेता येऊ लागला. अनेक ठिकाणी वही आणि रक्त यांचा मेळ बसत नव्हता. पण याच चाचणीनं एक नवा पेचही उघड केला. लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं आणि रोगातून उठल्यामुळे तयार झालेली प्रतिपिंडं यांत तिला फरक करता येत नव्हता. ज्या जिल्ह्यात टोचणी चालू आहे तिथे विषाणू फिरतो आहे की नाही हे रक्त तपासून कळणं अशक्य. शिवाय अर्धवट संरक्षित कळपात रोग सौम्य दिसतो: एखादं जनावर हगतं, दोन-चार दिवस खात नाही, बरं होतं, कोणी डॉक्टरला बोलावत नाही. अर्ध्यामुर्ध्या टोचणीनं विषाणूला मारलं नव्हतं, तर त्याला आडोसा दिला होता. सोमालिया, केनिया आणि इथिओपियाच्या सीमाभागात विषाणूचा मुळातच सौम्य असलेला एक प्रकार फिरत होता आणि तिथे तर हा आडोसा भक्कम होता. ज्या विषाणूचा शेवट जगाला पाहायचा होता, त्याला लपायला जागा करून दिली होती ती आपल्याच औषधानं. ही गोष्ट स्वीकारणं पशुवैद्यकांना किती जड गेलं असेल याची कल्पना करता येते.

भारतात १९९२ मध्ये युरोपीय समुदायाच्या मदतीनं नवा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि त्यात कामाची दिशा बदलली. सगळ्या देशाला एकाच मापानं न टोचता देशाचे विभाग पाडले गेले. जिथे रोग टिकून होता त्या दक्षिणेकडच्या राज्यांत दाट टोचणी, इतरत्र कडक पाळत. रोग तिथेच का टिकतो याचं उत्तर गुरांच्या वाटांवर होतं. गुरं राज्यांची हद्द पाळत नाहीत. खरसुंडीच्या किंवा सोलापूरच्या यात्रेत विकलेला खिलार बैल कर्नाटकात जातो, तिथलं जनावर पुढच्या बाजारात आंध्र किंवा तमिळनाडूकडे निघतं, आणि उतारवयातली गुरं व्यापाऱ्यांबरोबर केरळच्या दिशेनं जातात. अशी सतत वाहती साखळी असेल तर विषाणूला एका गावात फार दिवस राहायची गरजच पडत नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत चाळीस वर्षांनी बुळकांडी उद्भवली, ती भारतीय शांतिसेनेसाठी नेलेल्या शेळ्यांबरोबर गेली असं मानलं जातं. शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होता. बुळकांडीसारखाच दिसणारा पीपीआर हा वेगळ्या विषाणूचा रोग आपल्याकडे पहिल्यांदा नक्की ओळखला गेला तोही १९८७ मध्येच, तमिळनाडूत. त्याआधी शेळ्यांमधली बुळकांडी म्हणून झालेल्या किती नोंदी खऱ्या आणि किती पीपीआरच्या हे सांगणं कठीण होतं. प्रयोगशाळेनं दोन्ही वेगळे करून दिल्यावरच खरा माग काढता आला.

तमिळनाडूत १९९५ च्या जूनमध्ये शेवटचा उद्रेक झाला. त्यानंतर जे झालं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत धैर्याचं काम वाटतं. टोचणी टप्प्याटप्प्यानं बंद केली गेली आणि तिच्या जागी शोध सुरू झाला. या शोधाचे तीन प्रकार होते: गावशोध, गुरांच्या वाटांवरचा शोध, आणि दवाखान्यांतल्या नोंदींचा शोध. पशुवैद्यक आणि पर्यवेक्षक गावात जाऊन विचारत, की तोंडात व्रण, डोळ्यांतून पू आणि पातळ हगवण अशी तिन्ही लक्षणं एकत्र असलेलं जनावर कोणी पाहिलं का. व्यापाऱ्यांचे कळप ज्या रस्त्यांनी जातात तिथे थांबून जनावरांची तोंडं उघडून पाहिली जात. टोचणी बंद झाल्यावर जन्मलेल्या जनावरांचं रक्त तपासलं जाई, कारण त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली तर त्याचा एकच अर्थ होता: विषाणू अजून आहे. लस चालू असताना जी चाचणी मुकी होती ती लस थांबल्यावर बोलू लागली. वर्षानुवर्षं हा शोध रिकाम्या हातानं परतत राहिला, आणि तरी तो चालू ठेवला गेला. काही न सापडण्यासाठी इतकी माणसं आणि इतका पैसा खर्च करणं कोणत्याही सरकारी खात्याला सोपं नसतं. टोचणीच्या आकड्याचा फलक लावता येतो, न सापडलेल्या रोगाचा लावता येत नाही. मार्च १९९८ मध्ये भारतानं स्वतःला तात्पुरतं रोगमुक्त जाहीर केलं, २००४ मध्ये रोगमुक्तीवर जागतिक संघटनेचं शिक्कामोर्तब झालं आणि मे २००६ मध्ये संसर्गमुक्तीवर. पाकिस्तानात शेवटची नोंद २००० ची. आफ्रिकेत २००१ मध्ये केनियाच्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानम्हशींमध्ये तो शेवटचा सापडला. त्या भागात त्याआधी एक उपयुक्त बदल झाला होता. जेफ्री मरिनर यांनी उन्हात महिनाभर टिकेल अशी लस तयार केली होती, त्यामुळे बर्फाची गरज उरली नाही, आणि इथिओपियाच्या अफार प्रदेशात व दक्षिण सुदानमध्ये प्रशिक्षण दिलेले पशुपालक स्वतःच आपल्या आणि शेजाऱ्यांच्या कळपांना टोचू लागले. कोणता कळप कुठल्या पाण्यावर येतो, कोणाच्या गुरांना गेल्या वर्षी डोळ्यांतून पाणी येत होतं, हे सरकारी पथकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. पशुपालकाच्या बोलण्यातून विषाणूचा माग काढायची पद्धत तिथे शास्त्र म्हणून मान्य झाली.

यावर कोणी म्हणेल, की बुळकांडीचा विषाणू मुळात सोपा होता. हे खरं आहे. त्याचा प्रतिकाराच्या दृष्टीनं एकच प्रकार, शरीराबाहेर तो फार टिकत नाही, बरं झालेलं जनावर तो पुढे वाहत नाही, आणि एकदा मिळालेली प्रतिकारशक्ती जन्मभर पुरते. म्हणूनच बुळकांडीवरून लाळ्या-खुरकुताचा अंदाज बांधणं चुकीचं ठरेल. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे सात प्रकार आहेत, लशीचं संरक्षण काही महिनेच टिकतं, आणि बरी झालेली गाय घशात विषाणू बाळगून फिरू शकते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाला तिथे वर्षातून दोनदा टोचावं लागतं आणि बराच काळ टोचावं लागेल. पण विषाणू सोपा होता हे कारण १९५४ मध्येही तितकंच खरं होतं. विषाणू तोच, लस जवळपास तशीच परिणामकारक. तरी चाळीस वर्षं लागली. सोपेपणानं निर्मूलन शक्य झालं, घडवलं मात्र शोधानं.

माणसांच्या रोगांत हेच याआधी आपल्याच देशात दिसलं होतं. देवीनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सगळ्यांना देवी टोचण्याच्या उद्दिष्टानं सुरू झाला. कोट्यवधी टोचण्या होऊनही १९७४ मध्ये देशात देवीचे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले. त्याच काळात घरोघर जाऊन, रुग्णाचं चित्र असलेलं कार्ड दाखवून, पुढे बातमी आणणाऱ्याला बक्षीस देऊन प्रत्येक रुग्ण शोधायचा आणि त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचायचं ही पद्धत रुजवली गेली, आणि १९७५ च्या मेमध्ये शेवटचा रुग्ण सापडला. उलट बाजूचा पुरावा पोलिओचा. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे देण्याच्या लशीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू जगभर एकदम काढून टाकला गेला. विचार योग्य होता, कारण रानटी दुसरा प्रकार आधीच संपला होता. पण लशीतूनच निपजलेला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काही भागांत न सापडता फिरत होता, आणि लस काढल्यावर आफ्रिकेत त्याचे उद्रेक वाढले. लस चालू ठेवायची की थांबवायची याचा निर्णय विषाणूच्या ठावठिकाण्याच्या माहितीवरच घ्यावा लागतो. ती नसेल तर दोन्ही बाजूंनी घात होऊ शकतो.

बुळकांडीवरच्या विजयातून मिळालेला धडा आता पीपीआरवर वापरायचा जागतिक बेत आहे. २०३० हे साल त्यासाठी ठरवलं गेलं आहे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, आणि पीपीआर त्याच घरांतली शेळी नेतो. लस उत्तम आहे, मुक्तेश्वरमध्येच विकसित झालेली, एका टोचणीत निदान तीन वर्षं पुरणारी. विषाणूही बुळकांडीसारखाच: एक प्रकार, बाहेर न टिकणारा, बरं झालेल्या जनावरात न राहणारा. पण शेळीच्या कळपात पिढी फार लवकर पालटते. वर्ष-दीड वर्षात निम्मा कळप नवा असतो, बोकड बाजारात गेलेले असतात, त्यामुळे वर केलेला ८०, ६४, ५१ चा हिशेब इथे कितीतरी वेगानं खाली घसरतो. महाराष्ट्रात त्याला आणखी एक पदर आहे. पावसाळा सरला की सातारा, सांगली, पुणे, अहिल्यानगरच्या कोरड्या तालुक्यांतले धनगर मेंढ्या-शेळ्यांचे वाडे घेऊन घाट उतरतात, कोकणात भातकापणी झालेल्या शेतांत ते बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत चढतात. वर्षातले सहा-सात महिने हे कळप ज्या तालुक्याच्या पशुगणनेत असतात तिथे नसतात, आणि जिथे असतात तिथल्या यादीत त्यांचं नाव नसतं. वाटेत ते दहा गावांच्या शेळ्यांशी एका पाणवठ्यावर येतात. जिल्ह्याच्या उद्दिष्टाप्रमाणे टोचणी झाली तर आकडा दोन्ही जिल्ह्यांत पूर्ण होईल, आणि हे वाडे दोन्हीकडून सुटतील. त्यांच्या वाटा, मुक्काम आणि पाणवठे सगळ्यात नेमके ठाऊक आहेत ते त्या मेंढपाळांनाच. पीपीआरच्या मोहिमेत त्यांच्यातल्याच तरुण मुला-मुलींना टोचायला शिकवून, कार्तिकात घाट उतरण्याआधी वाड्यावरच लस पोचवणं आणि येता-जाता कोणत्या गावात शेळ्यांची तोंडं आलेली दिसली हे त्यांनाच विचारणं, हे काम जिल्ह्याच्या आकड्यात बसणारं नाही. म्हणून ते आजच कार्यक्रमात स्वतंत्रपणे लिहून घ्यायला हवं.